तीट नसलेला फोटो

गुरुवार, १८ सप्टेंबर

आलो बाई एकदाचे! इथे आखातात विमानतळाबाहेर पाय टाकला आणि तोंडावर अशी झळ आली, की भाकरीच्या तव्यावर वाकल्यासारखं वाटलं. स्वरा म्हणाली, ममा, हू लेफ्ट द अव्हन ऑन? सहा वर्षांची कार्टी. सांगलीत इंग्रजी शाळेत घातल्यापासून मराठीत विचारावं आणि इंग्रजीत उत्तर घ्यावं, असा आमचा संवाद. देवदत्त बाहेर फुलं घेऊन उभा होता. वर्षभर बिचारा इथल्या फरवानिया भागात चार बॅचलरांत राहिला. दिवसभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायचं आणि घरी येऊन आमटी करपवायची. आता फॅमिली व्हिसा झाला, सलवा भागात घर मिळालं. आज मी खूष आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण मी खूष असल्याचं आमच्याकडे कुणाला खरं वाटत नाही.

घर म्हणजे एका मोठ्या बंगल्याच्या मागच्या अंगाचा वरचा मजला. खाली दुसरं बिऱ्हाड आहे. दोन खोल्या, हॉल, ऐसपैस बाल्कनी. आणि सगळं पांढरंशुभ्र! भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी, पडदे, सोफा, कपबश्या, किचनचा ओटासुद्धा पांढरा. सांगलीच्या घरात भिंतीवर तेलाचे हात आणि पेन्सिलीच्या रेघा बघून आयुष्य गेलं, मला तर हॉटेलात आल्यासारखंच वाटलं. बिल्डिंग सांभाळणाऱ्याला इथे हारिस म्हणतात. आमचा साबीर नावाचा बंगाली माणूस आहे. नवीन रंग दिलाय का, असं मी विचारलं, तर हिंदीत म्हणाला, मी आल्यापासून इथे ब्रश लागलेला नाही. मग इतकं स्वच्छ कसं, म्हटलं, तर तो बॅगा ठेवून निघूनच गेला. जरा आखडूच आहे.

आधीच्या भाडेकरूंच्या मुलाची क्रेयॉनची पेटी कपाटात सापडली. स्वराने हावरटासारखी उघडली. आत सगळेच खडू पांढरे. तिचं तोंड एवढंसं झालं. देवदत्त म्हणाला, चायनाचा माल, उन्हाने उडाला असेल रंग. मी उद्या नवीन पेटी आणणार आहे.

शनिवार, २० सप्टेंबर

खालच्या बाईची ओळख काढायला गेले. मराठी ऐकू आलं म्हणून हरखून गेले होते. झुलेखा नाव, दाभोळकडची, घरी बसून अबाया, म्हणजे इथल्या बायकांचे पायघोळ काळे बुरखे, शिवते. चहा दिला, पण हसली म्हणून नाही. आणि घर काय ते! सोफ्यावर काळं कापड, पडदे काळे, दाराच्या चौकटीला आतून काळा रंग. शिवणाचं कापड असेल समजा, पण पोरांच्या उश्यांनाही काळे अभ्रे? त्या पोरांच्या हनुवटीवर, तळपायावर काजळाचे हे एवढे ठिपके. मी गमतीने म्हटलं, आमच्याकडे वर सगळं पांढरं, तुमच्याकडे खाली सगळं काळं, कॅरमच्या सोंगट्याच आपण. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी कप खाली ठेवला. निघताना एवढंच म्हणाली की पोरीला रोज काळं लावत जा आणि घरात फोटो काढत बसू नका. मला सांगतेय! अगं, फोटोच तर माझं पोट होतं.

सांगलीत मी लग्नाचे अल्बम करायचे. फोटोग्राफर फोटो आणून टाकायचे, आणि मी कॉम्प्युटरवर नवऱ्यामुलींचे मुरूम, डाग, घामाचे ओघळ काढायचे. स्टुडिओचे मालक हरिश्चंद्रकाका एका बाबतीत फार हट्टी. सगळा चेहरा आरशासारखा करा म्हणायचे, पण कानामागे एक काळा ठिपका ठेवायचाच. गिऱ्हाइकाला न दिसेल इतका. फोटोलासुद्धा तीट हवी, म्हणायचे. आम्ही पोरी मागे हसायचो त्यांना.

देवदत्तने मला इथल्या मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं. नवरात्रात साड्यांचे नऊ रंग असतातच, पण ग्रुपवर रोज एका रंगाचा फोटोही टाकायचा असतो. विजयाताई म्हणून सीनियर नर्स आहेत, त्या सकाळी चिठ्ठी उचलून रंग सांगतात. फोटो त्याच दिवशीचा, आपल्या रोजच्या जगण्यातला, आणि चौकटीत दुसरा रंग चालणार नाही. जिंकलेले फोटो दसऱ्याच्या मेळाव्यात पडद्यावर. ग्रुपवरच्या डॉक्टर नेहाबाईंनी मला काय करता विचारलं. सध्या घरी आहे, असं मी लिहिलं, तर उत्तर आलं, अरे वा, मग काय, मज्जा! डोळा मारणारा चेहरा टाकून. थांब म्हटलं, दाखवते मज्जा.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसवले. आजचा रंग पांढरा. मी तर पांढऱ्याच्या समुद्रात राहतेय! स्वराला न्हाऊ घातलं, पांढरा फ्रॉक, डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळला आणि हॉलच्या भिंतीला टेकवून उभी केली. ती डोळे मिटून हसत होती. फोटो असा आला की मीच माझ्यावर खूष. फक्त गालावरची तीट. सासूबाईंनी तिच्या बारशापासून घालून दिलेला नेम आहे, अंघोळ झाली की आधी काजळ. पण चौकटीत काळं चालणार नाही. बोटाने दोनदा टिचकी मारली की मोबाईलवर डाग जातो. गेला. काकांची आठवण झाली, पण इथे कोण बसलंय कानामागे बघायला?

पहिला नंबर माझा. विजयाताईंनी लिहिलं, एकही डाग नाही, वा! नेहाबाईंनी नुसता अंगठा दाखवला. त्यातच सगळं आलं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

पिवळा. मिसळणाच्या डब्यातली हळद, अगदी जवळून. तिच्यात एक मोहरी पडली होती, ती पुसली. पुन्हा पहिला नंबर. स्वराला या खेळाचं वेड लागलंय. सकाळी उठल्या उठल्या विचारते, ममा, विच कलर टुडे? मी तिला मोबाईल कसा धरायचा, उजेड कुठून घ्यायचा ते शिकवलं. हात स्थिर आहे पोरीचा. तिची शाळा सुरू व्हायची आहे, सिव्हिल आयडी आल्याशिवाय प्रवेश नाही, तोवर दोघी दिवसभर घरात. बाहेर ऊन इतकं आहे की बाल्कनीत वाळत घातलेला पंचा काढायला जाताना चटके बसतात.

बुधवार, २४ सप्टेंबर

भांडून आलेय. सकाळी फोडणी केली आणि डबा उघडला तर हळदीच्या वाटीत पांढरी पूड! तांदळाच्या पिठासारखी. चव मात्र हळदीची. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, गेले, डबा काउंटरवर आपटला. दुकानदाराने त्याच्याकडची हळद काढून दाखवली, पिवळीधमक. मला म्हणाला, घरी काहीतरी मिसळलं असेल तुम्ही. मी मिसळलं! माझ्या सासूलासुद्धा असं म्हणायची हिंमत झाली नाही कधी.

आजचा हिरवा. देवदत्तने काल वफ्राच्या मळ्यांतली ताजी कोथिंबीर आणली होती, तिचाच काढला. एका पानावर काळा टिपका होता, काढून टाकला. दुसरा नंबर आला. नेहाबाईंच्या नवऱ्याची हिरवी गाडी पहिली. गाडी काय, कुणीही काढेल.

गुरुवार, २५ सप्टेंबर

फ्रिजमध्ये कोथिंबीर पांढरी पडलीय. सडलेली नाही, करकरीत आहे, वासही आहे, फक्त रंग नाही. देवदत्त म्हणतो, फ्रिज जास्त थंड असेल. ह्या माणसाच्या घराला आग लागली तरी हा म्हणेल, एसी कमी आहे.

आज निळा. डोकं लढवलं आणि आमच्या तिघांचे पासपोर्ट उलटे ठेवून मागची कोरी बाजू काढली. गर्द निळा, दुसरं काही नाही. खाली लिहिलं, ज्याच्यामुळे आपण सगळ्या इथे आहोत तो निळा. बायका हळव्या झाल्या, पहिला नंबर. जिन्यात झुलेखा भेटली. मी तिला फोटो दाखवला, तिने तोंड फिरवलं आणि दार लावून घेतलं. मराठी माणूस परदेशात भेटलं की किती जीव टाकतं, असं ऐकून होते. हे असं.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

सुट्टी. देवदत्त दुपारपर्यंत लोळला. आजचा लाल. स्वराला लाल बर्फाची कांडी आणली. खाऊन झाल्यावर ओठ, जीभ, सगळं लालभडक. जवळ जाऊन फक्त तोंडाचा फोटो घेतला, जीभ बाहेर काढलेली. गालाचा कोपरा येत होता, तीट येत होती. पुसली. देवदत्तसुद्धा म्हणाला, झकास आलाय गं रसिका. पहिला नंबर. नेहाबाईंनी बदामाचं चिन्ह टाकलं, म्हणजे आतून किती जळल्या असतील! आज खरंच मजा आली.

शनिवार, २७ सप्टेंबर

स्वराचे ओठ पांढरे आहेत.

आधी वाटलं टूथपेस्ट लागलीय. पुसले, चोळले. जीभही पांढरी. हिरड्या, नखं, डोळ्याच्या पापणीच्या आत, कुठे म्हणून लाल राहिलेलं नाही. ताप नाही. खेळतेय, खाकरा खातेय, हसतेय. हसली की तोंडाच्या आतसुद्धा पांढरं. मी किंचाळले आणि देवदत्त धावत आला. त्याने तिचा हात धरून नाडी बघितली, ठीक आहे म्हणाला, पण त्याचा आवाज बदलला होता.

हॉस्पिटलला न्यायचं म्हणून पासपोर्ट काढायला कप्पा उघडला. तिन्ही पासपोर्ट पांढरे. वरची सोनेरी अक्षरं आहेत, मागचं पुढचं पुठ्ठ्याचं अंग खडूसारखं. देवदत्त माझ्यावर ओरडला, ब्लीचमध्ये टाकलेस का, अक्कल आहे का तुला? मी ओरडले नाही. मला एकदम सगळं लक्षात आलं. हळद, कोथिंबीर, पासपोर्ट, पोरगी. ज्याचा ज्याचा फोटो काढला त्याचा तो तो रंग गेला. मी त्याला तसं सांगितलं. तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला.

स्वराला घेऊन खाली उतरलो. बंगल्याच्या दारातून ऊन अंगावर आलं आणि ती जी किंचाळली! उन्हात तिच्या हाताच्या आरपार पलीकडची फाटकाची जाळी दिसली. मला दिसली, देवदत्तलाही दिसली. तो खोटं बोलतोय, नाही दिसली म्हणून. तिला पोटाशी धरून परत वर आलो. एसीच्या खोलीत ती शांत झाली.

संध्याकाळी तो लॅबमधून सुई आणि नळी घेऊन आला. इतक्या लोकांचं रक्त काढलंय त्याने, पण लेकीचा दंड त्याने दोनदा बांधून सोडला. नळीत रक्त आलं. तांदळाच्या धुवणासारखं. नळी हातात धरून तो तिथेच खाली फरशीवर बसला.

रविवार, २८ सप्टेंबर

देवदत्तचा लॅबमधून फोन. मशीन म्हणतं सगळं नॉर्मल. हिमोग्लोबिनही व्यवस्थित. मशीनला रंग दिसत नाही ना. वरिष्ठांना दाखवायला गेला तर त्यांनी विचारलं, हे दूध कुणी आणलं?

फोटो सगळे पुसले. ग्रुपवरचेही पुसले. काही परत आलं नाही. उलट तिच्या कातडीचा गव्हाळ रंगही उतरत चाललाय. आता तिच्यात उरलंय ते फक्त काळं. केस, भुवया, पापण्या, बुबुळं.

ग्रुपवर लिहिलं, कुणाच्या मुलाला असं झालंय का, मदत करा. विजयाताईंनी लिहिलं, आजचा गुलाबी तुम्ही टाकलेला नाही, आणि अशी नाटकं इथे नकोत. नेहाबाईंनी लिहिलं, लक्ष वेधून घ्यायची किती ही धडपड. मग मला काढूनच टाकलं. ठीक आहे. मरा.

झुलेखाचं दार वाजवत राहिले. उघडेना. मी जिन्यात बसून रडले तेव्हा कडी निघाली. तिने मला आत घेतलं नाही, चौकटीतच उभी राहून बोलली. आधीचं बिऱ्हाड केरळचं. त्यांनाही सांगितलं होतं, तेही हसले. मुलाच्या वाढदिवसाचे फोटो काढत बसले. निघून गेले तेव्हा बापाने मुलाला चादरीत गुंडाळून नेलं, आणि भर उन्हात त्या चादरीतून तिला पलीकडची भिंत दिसली. घराला रंग हवा असतो, म्हणाली. जिथे काळं असतं तिथे त्याला हात घालता येत नाही. मी विचारलं, मग तुम्ही मला नीट का नाही सांगितलंत? तेव्हा तिचेही डोळे भरले.

"सांगितलं होतं. तू कॅरम म्हणालीस."

मी हात जोडले.

मग तिने उपाय सांगितला. नुसती तीट पुरणार नाही, पोरीला ठिकठिकाणी काळं लाव, काळ्यात गुंडाळ, ऊन उतरल्यावर बाहेर काढ आणि परत या घरात आणू नकोस. उंबऱ्याबाहेर काळं घेऊन गेलं की गेलेलं हळूहळू परत येतं. तिच्या धाकट्याचं आलं होतं. काजळाची डबी आणि एक शिवलेली अबाया तिने माझ्या हातात कोंबली आणि दार लावलं.

त्याच दिवशी, दुपारी

आधी दृष्ट काढली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या, तिच्यावरून ओवाळून तव्यावर टाकल्या. मिरच्या कोळसा झाल्या. ठसका नाही. जरासुद्धा खाट नाही. सासूबाईंच्या भाषेत याचा अर्थ, दृष्ट जबर लागलीय.

मग ती भिंत. जिथे सोमवारी तिला उभी केली होती. सुरीने खरवडली. पांढऱ्याखाली पिवळा निघाला, हळदीचा वास आला. त्याखाली हिरवा. त्याखाली पासपोर्टचा निळा. मी आणखी जोरात खरवडलं. लाल. ओला. बोट लावलं, ते कोमट होतं—

आतल्या खोलीतून स्वरा ओरडली. इंग्रजीत नाही. ममा नाही.

"आई गं, दुखतंय!"

सुरी टाकली. भिंतीला हात लावून बसले. हाताखाली भिंत हलतेय, श्वास घेतल्यासारखी.

देवदत्तला फोन केला. या वेळी त्याने वाद घातला नाही. अशी पोर टॅक्सीत नेता येणार नाही, म्हणाला. हॉस्पिटलची मोठी गाडी, काचांना काळी फिल्म असलेली, एका ड्रायव्हरकडून उद्या मिळणार आहे. वफ्राला त्याच्या ओळखीचं एक शेत आहे, तिथे चार दिवस राहू. उद्या ऊन उतरलं की. तोपर्यंत इथेच.

सोमवार, २९ सप्टेंबर

सकाळ. स्वरा झोपेत दिसेना. पांढऱ्या चादरीवर नुसते केस. हात फिरवून शोधली. आहे, माझी पोर आहे.

ती उठली. मोबाईल कपाटात कुलपात आहे, तरी विचारलंच, विच कलर टुडे? काजळ लावू देईना, गुदगुल्या होतात म्हणाली. मग मी हसून सांगितलं, आज काळा. आपल्या घरचा रंग आज काळा, आपण दोघी काळ्या काळ्या होऊया. लगेच शहाण्यासारखी बसली. गालावर, कपाळावर, कानामागे, तळहातांवर, तळपायांवर लावलं. मलाही तिने लावलं, नाकावर.

मग—खरं लिहितेय मी—तिच्या गालावरच्या तिटेच्या कडेने गुलाबी आलं. करंगळीच्या नखाएवढं. मी आरसा आणून बघितलं. आलंय. वाढतंय. मी तिला उचलून गरागरा फिरवलं. देवा, वाचली माझी पोर!

दुपार

भिंतीला खरवडलेलं राहिलं नाही. भरून आलंय, पांढरं. घरातला आवाज बंद आहे, एसीचासुद्धा. तरी गार आहे.

या वहीतली अक्षरं तेवढी काळी राहिलीत. शाई उडत नाही. म्हणून लिहितेय. लिहिलेलं सगळं काळं आहे, हे बघून धीर येतो. तिच्या हातावरही पेनने तिचं नाव लिहिलंय.

गुलाबी आता ओठांपर्यंत. खालचा ओठ अर्धा.

ऊन उतरतंय

अबायात गुंडाळलीय. फक्त तोंड उघडं. सोफ्यावर बसलीय, पाय हलवतेय. देवदत्त निघाला. खाली पोचलो की रिंग देतो म्हणाला, म्हणून मोबाईल कपाटातून काढून सोफ्यावर ठेवलाय. पासपोर्ट, पाण्याची बाटली, काजळाची डबी पिशवीत. मी दाराशी खाली बसलेय. दार उघडं ठेवलंय. दोनदा आपोआप लागलं, आता चप्पल अडकवलीय.

भिंती जवळ आल्यासारख्या. नाही. पांढऱ्यात अंतर कळत नाही, एवढंच.

रिंग वाजली! आला! स्वरा, मोबाईल घे आणि ये, चल—

येतेय. पण कानाला नाही लावला तिने. रिंग बंद केली. समोर धरलाय. हात लांब करून, मी शिकवलं तसा. माझ्या शेजारी टेकली, गाल माझ्या गालाला. पडद्यावर आम्ही दोघी, काजळाच्या, आणि ही वही. मी नको नको म्हणेपर्यंत—

"ममा, आय गॉट ब्लॅक."

केवढी खूष—तिचं हसू—

गालावरची तीट नाही. कपाळावरची नाही. डबी उघडली, आत पांढरं. अबाया पांढरी. तिचे केस—माझ्या खांद्यावर पांढरे—स्वरा, डोळे उघड, इकडे बघ, आईकडे बघ—

तिच्या डोळ्यांत काळं ना

देवदत्त जिन्यात हाक मारतोय. ती माझ्या मांडीवर आहे, वजन आहे, मला दिसत नाही. धरून ठेवलीय. लिहितेय. पेन चालतंय पण कागदावर काही उम